सरावलेली : एका निकालपत्राचे वाचन

कवितेची समीक्षा करावी, कादंबरीची करावी, फार तर एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणाची करावी; निकालपत्र मात्र मान खाली घालून ऐकावे, असा आपल्याकडे संकेत आहे. मी हा संकेत मोडतो आहे. मी कायद्याचा पदवीधर नाही. उभे आयुष्य मराठी शिकविण्यात गेले. पण निकालपत्र हेही गद्य आहे. त्यात निवेदक असतो, पात्रे असतात, विशेषणे असतात. कोणाच्या वाट्याला कोणती विशेषणे आली, हे तपासायला वकिलीची सनद लागत नाही. ज्यांच्या पूर्वजांना मनूने विशेषणांनीच गावाबाहेर ठेवले, त्यांना तरी ते समजावून सांगायला नको.

ज्या निकालपत्राविषयी लिहितो आहे ते सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी दिले. कायद्याच्या ग्रंथांत त्याचे नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. रस्त्यावर, मोर्चात, स्त्रियांच्या सभांत त्याचे नाव ‘मथुरा प्रकरण’. नावांतला हा फरक क्षुल्लक नाही. ग्रंथात आरोपीचे नाव शिल्लक राहिले आणि लोकांत मुलीचे. अशा मुलीचे नाव छापू नये असा कायदा पुढे याच प्रकरणामुळे झाला. तिला त्याचा काहीच उपयोग झाला नाही. चळवळ ज्या नावाने ओळखली जाते ते एकदा लिहिले. आता यापुढे मी तिला मुलगी एवढेच म्हणणार आहे.

गेल्या जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा आटोपल्यावर सूरजागडच्या पायथ्याच्या एका गावात तीन दिवसांचे अभ्यास शिबिर होते. पंधरा-सोळा मुलेमुली, बहुतेक माडिया, काही बौद्ध, दोघी ढिवरांच्या. रात्री शेकोटीभोवती मी त्यांना या निकालपत्राचा सारांश मराठीत वाचून दाखवीत होतो. ‘संमती’ हा शब्द आला तसे एका मुलीने मध्येच विचारले, “सर, संमती म्हनजे सही का?”

मी थांबलो. तिचे काही चुकले नव्हते. या डोंगरात संमती हा शब्द माणसांनी खाणीच्या निमित्ताने ऐकला आहे. ग्रामसभेची संमती, जनसुनावणीतली संमती. ऑक्टोबर २०२२ मध्ये लोहखाणीच्या विस्ताराची जनसुनावणी झाली ती गडचिरोलीला, जिल्ह्याच्या ठिकाणी, या गावांपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आणि पोलीस बंदोबस्तात. येथे संमती ही कागदावर मागितली जाणारी गोष्ट आहे, आणि ती मागणाऱ्याच्या मागे बहुधा बंदूक उभी असते. त्या मुलीने ज्या अर्थी विचारले त्या अर्थी मी अजून विचारच केला नव्हता. सर्वोच्च न्यायालयानेही केला नव्हता, हे त्या रात्री माझ्या ध्यानात आले.

आता प्रकरण काय होते ते सांगतो, कारण घोषणा पुष्कळांना ठाऊक आहेत, हकीगत फार थोड्यांना. सन १९७२. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. वडसा-देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होते. आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी, डॉक्टरांच्या अंदाजाने चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मुलगी. ज्या घरी ती कामाला जाई त्या घरच्या नातलग तरुणाशी तिने लग्न करायचे ठरविले. भावाला ते पटले नाही. त्याने २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंज ठाण्यात बहिणीला पळवून नेल्याची तक्रार दिली. रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यात आणले गेले. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास, मुलीच्या जन्मतारखेचा दाखला आणा असे भावाला सांगून जमादार निघून गेला. बाकीचेही निघाले. तिने पुढे कोर्टात सांगितले ते असे : एका शिपायाने तिला थांबविले, मागच्या बाजूच्या संडासाकडे नेले आणि तिच्यावर बलात्कार केला, त्यानंतर दुसरा, दारू प्यालेला हेडकॉन्स्टेबल आला आणि त्याने तिच्या अंगाशी झटापट केली. बाहेर माणसे खोळंबली होती. ठाण्यातले दिवे गेले, दारे आतून लागली. लोकांनी हाका मारल्या. मग ती बाहेर आली आणि जमलेल्या लोकांसमोर तिने झालेला प्रकार सांगितला.

हे शेवटचे वाक्य नीट वाचा. ती बाहेर आली आणि तिने सांगितले. चौदा-सोळा वर्षांची मुलगी, रात्री, ठाण्याच्या दारात, पोलिसांच्या देखत. या प्रकरणावर जे हजारो शब्द लिहिले गेले त्यांत या एका कृतीला जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी कोणीच दिली नाही. न्यायमूर्तींनी नाही आणि आम्ही कवींनीही नाही. त्याकडे पुढे येतो.

चंद्रपूरच्या सेशन कोर्टाने १ जून १९७४ रोजी दोघांना सोडले. संबंध झाला, पण बलात्कार झाला नाही, असे कोर्टाचे म्हणणे पडले. मुलगी धक्कादायक खोटारडी आहे, आपल्या माणसापुढे सोज्वळ दिसावे म्हणून तिने बलात्काराची गोष्ट रचली, आणि ती शरीरसंबंधाला सरावलेली आहे, असा एकूण आशय. नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरविला. एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष. खंडपीठाने एक साधी गोष्ट ओळखली होती : भयापोटी निमूट सोसणे ही संमती नव्हे. माझ्या मते या सगळ्या कज्ज्यातले सर्वांत उत्तम मराठी वाक्य, जरी ते इंग्रजीत लिहिलेले असले तरी, हेच आहे. कारण ते आपल्या आयाबायांना उपजत ठाऊक आहे. सोसणे आणि मानणे यांत जे अंतर आहे त्यावरच त्यांची आयुष्ये गेली आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ते अंतर पुसून टाकले. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोघांना निर्दोष सोडले. अंगावर जखम नाही, म्हणून प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणून जे झाले ते शांततेत झाले. भाऊ आणि इतर माणसे जवळ असताना शिपायाने हात धरला, तेव्हा तिने त्यांना हाक मारली नाही, म्हणून तिला भय नव्हते. तर्काची साखळी घट्ट आहे. एकही कडी निसटत नाही. निसटले आहे ते फक्त ठाणे.

मला समीक्षक म्हणून हे नोंदवायचे आहे की या निकालपत्रात स्थळ नाही. संडास आहे, ओटा आहे, दार आहे, पण ठाणे नाही. जणू हे सारे एखाद्या धर्मशाळेत घडले. ज्याने कधी रात्री ठाण्याच्या बाकावर बसून ‘साहेब येतील’ एवढ्या उत्तरावर तास काढलेले नाहीत, त्याला ठाणे ही एक खोली वाटते. ज्याने काढले आहेत त्याला ती खोली वाटत नाही. तेथे उठायला परवानगी लागते, लघवीला परवानगी लागते, गप्प बसल्याबद्दल शिवी मिळते आणि बोलल्याबद्दलही. अशा जागी भाऊ शेजारी उभा असला तरी काय? भाऊही तेथे हात जोडूनच उभा होता. त्याच जागेने भावाला दाखला आणायला पिटाळले होते. ‘तिने हाक का मारली नाही’ हा प्रश्न विचारणाऱ्याने ‘आणि मारली असती तर भावाने काय केले असते’ हा पुढचा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. प्रस्थापित साहित्याविषयी आपण जे पूर्वापार म्हणत आलो की त्याचा अनुभव तोकडा आहे, ते येथे अक्षरशः खरे ठरते. फरक इतकाच की तोकड्या अनुभवाच्या कादंबरीने कोणाची सजा रद्द होत नाही.

आणि तो शब्द. सरावलेली.

हा शब्द मला वर्षानुवर्षे सलत राहिला, आणि तो एकटा नाही हे उशिरा कळले. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. पारधी, कैकाडी, माकडवाले, भामटे अशा कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. जमातीचे नाव पुसले, सवयीचे नाव चिकटविले. तिसरे उदाहरण तुरुंगाच्या नियमांचे. उत्तर प्रदेशाच्या जुन्या तुरुंग नियमावलीत होते की साध्या कैदेतल्या माणसाला हलके काम देऊ नये. मात्र तो जर असल्या कामाची सवय असलेल्या जातीचा असेल तर द्यावे. सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे आणि असले नियम घटनाबाह्य ठरविले. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षे ते छापील स्वरूपात जिवंत होते.

आता हे तीन शब्द शेजारी ठेवा. ती मुलगी सरावलेली. तो पारधी सराईत. तो मेहतर सवयीचा. इंग्रजीत धातू थोडेफार वेगळे असतील, काम एकच. ज्याला सवय आहे त्याला लागत नाही, असे हा शब्द सांगतो. घाण उपसायची सवय असलेल्याला घाण येत नाही. मार खायची सवय असलेल्याला मार लागत नाही. जिने एका पुरुषाला आपखुशीने जवळ केले तिला दुसऱ्याची सवय आपोआप आहेच. ‘जात’ हा शब्द घटनेने सरकारी कागदावर वापरणे अवघड केले, तेव्हा त्याच्या जागी ‘सवय’ येऊन बसली. येथे संमती विचारण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण सवयीच्या माणसाची संमती जन्माच्या वेळीच घेऊन ठेवलेली असते.

साक्ष देणाऱ्या स्त्रीचे चारित्र्य वाईट असल्याचे दाखवून तिची साक्ष पाडता येईल, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात होती. ती २००२ च्या दुरुस्तीने गेली. दोन बोटांची तपासणी, जिच्यातून ‘सरावलेली’ हा निष्कर्ष निघत असे, ती करणे हे गैरवर्तन समजले जाईल असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले. देसाईगंजच्या त्या रात्रीनंतर पन्नास वर्षांनी. एक शब्द काढायला पन्नास वर्षे लागतात, हे भाषा शिकविणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

१९७८ याच वर्षी आणखी एक मजकूर ग्रंथरूपाने आला. महाश्वेता देवींच्या ‘अग्निगर्भ’ या बंगाली संग्रहातली ‘द्रौपदी’ ही कथा. दोपदी मेझेन ही संथाळ स्त्री पकडली जाते, सैनिकांच्या छावणीत रात्रभर तिच्यावर बलात्कार होतात, आणि सकाळी ती कपडे घालायला नकार देऊन तशीच सेनानायकापुढे उभी राहते. महाभारतातल्या द्रौपदीला वस्त्र पुरविणारा कृष्ण येथे नाही. लाज वाटायची ती कोणाला, हे दोपदी ठरविते. आपल्याकडच्या वाचकांनी ही कथा डोक्यावर घेतली ते योग्यच झाले. कोठडीतल्या अत्याचारावर भारतीय भाषांत तिच्या तोडीचे फार थोडे आहे. पण ती कथा आणि ते निकालपत्र एका बैठकीत वाचले तेव्हा मी अस्वस्थ झालो. न्यायालयाला त्या मुलीच्या अंगावर जखम हवी होती. आम्हाला तिच्या तोंडी विद्रोह हवा होता. दोघांनाही तिने काहीतरी सिद्ध करून दाखवावे असे वाटत होते. देसाईगंजची मुलगी दोपदी नव्हती. तिने फक्त दार उघडल्यावर खरे सांगितले. एवढ्याने आमचे समाधान का होऊ नये?

हे मी दुसऱ्यांवर ढकलत नाही. १९८० च्या मार्चमध्ये देशभर स्त्रियांचे मोर्चे निघाले. त्याआधी, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून निकालाचे वाभाडे काढले होते. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या उन्हाळ्यात मी एक दीर्घ कविता लिहिली आणि एका कविसंमेलनात म्हटली. टाळ्या पडल्या, दोघांनी ती उतरवून नेली. तिच्यात ‘आयाबहिणींची अब्रू’ होती, ‘लुटणे’ होते, ‘सूड’ होता, आग तर ओळीआड होती. आज ती वाचवत नाही. अब्रू लुटली असे म्हणताच आपण मान्य करतो की अब्रू तिच्या देहात होती आणि आता ती गेली. म्हणजे सेशन कोर्टाचेच म्हणणे, फक्त उलट्या टोकाने. आणि ‘आमच्या’ आयाबहिणी हा षष्ठीचा प्रत्यय! पोलिसाने तिला सवयीची समजून वापरले, मी तिला समाजाची समजून वापरले. कविता संपेपर्यंत ती मुलगी त्या कवितेत एकदाही बोलत नाही. दार उघडते, पण बाहेर मी येतो.

मराठी साहित्यात तुरुंग नाही असे नाही. उलट फार आहे. विनोबांची गीतेवरची प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. मराठी माणसाच्या मनातली आदर्श आई गजाआड जन्मली, ही मोठी हृद्य गोष्ट आहे, आणि मी ती टिंगलीने सांगत नाही. परंतु त्यामुळे आपल्या वाङ्मयात तुरुंग म्हणजे एक आश्रम होऊन बसला : वेळ आहे, वही आहे, सत्संग आहे. आमच्या भागात तुरुंगाची आठवण वेगळी आहे. वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. लोक ती आठवण अभिमानाने जपतात. आश्रम असो की वधस्तंभ, त्यात स्त्री बंदी कोठे आहे? चोरीच्या संशयावरून, नवऱ्याच्या किंवा भावाच्या बदल्यात, दारूच्या हातभट्टीवरून, आणि या जंगलात जेवण वाढल्याच्या आरोपावरून जी आत जाते, तिची वही कोठे आहे? ‘उपरा’, ‘उचल्या’ यांनी ठाणे भटक्यांच्या पालात आणि वस्तीत कसे घुसते ते दाखविले, ही फार मोठी कामगिरी. पण वस्तीतून ठाण्यात नेलेल्या बाईबरोबर लेखणी आत गेली नाही. बाई परत आली, आणि तिला कोणी काही विचारले नाही. विचारू नये हीच माया, असे आपण समजत आलो. त्या मायेचा फायदा कोणाला झाला?

१९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस, तुरुंग कर्मचारी, सरकारी नोकर यांनी ताब्यातल्या स्त्रीवर केलेला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने माझी संमती नव्हती असे सांगितले, तर कोर्टाने संमती नव्हती असे गृहीत धरावे, हे कलम आले. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितांतही ते तत्त्व कायम आहे. देसाईगंजच्या मुलीचे हे देणे आहे. पण हा सगळा कायदा घटना घडल्यानंतर जागा होतो. मला सतावणारा प्रश्न आधीचा आहे : त्या रात्री साडेदहाला ती तेथे होतीच का?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत अटकेतल्या माणसाच्या हक्कांचे कलम मांडले. तेच आजचे बाविसावे : कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्या. जगण्याच्या हक्काच्या कलमात जी उणीव राहिली तिची भरपाई म्हणून ते हे मांडत होते. पण ही मुलगी अटकेत नव्हतीच. तिला जबाबासाठी आणले होते. तिच्या नावावर अटकेची नोंद नाही, म्हणून तिला अटकेतल्याचे हक्कही नाहीत. गरीब माणूस ठाण्यात बहुधा असाच असतो, ना धड आत ना बाहेर. म्हणून जबाबासाठी स्त्रीला ठाण्यात बोलावू नये, तिच्या राहत्या घरी जाऊन तो घ्यावा, हा फौजदारी प्रक्रिया संहितेतला साधा नियम मला मोठमोठ्या शिक्षांपेक्षा मोलाचा वाटतो. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करू नये, अपवाद असेल तर मॅजिस्ट्रेटची परवानगी आणि महिला अधिकारी हवी, हा २००५ च्या दुरुस्तीचा नियमही तसाच. किती खेड्यांत हे नियम ठाऊक आहेत? शिबिरातल्या एकालाही नव्हते. मला स्वतःला ते पन्नाशीनंतर कळले, आणि मी शिकलेला माणूस म्हणवतो.

तुरुंगाचेही तेच. शीला बारसे या पत्रकार बाईंनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. त्यावर १५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी आदेश दिले : स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला शिपायांचा पहारा, महिला अधिकाऱ्याच्या उपस्थितीतच चौकशी, आणि सत्र न्यायाधीशाने, शक्यतो महिला न्यायाधीशाने, न सांगता अचानक भेट देणे. मला यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याचे कारण भायखळा आहे. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात मंजुळा शेट्ये ही बंदी मारहाणीनंतर मरण पावली. निमित्त सांगितले गेले ते अंडी आणि पाव यांच्या हिशेबाचे. तिच्यावर काठीने लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप सहबंदिनीने फिर्यादीत केला. सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली, सहाही स्त्रिया. ‘महिला पोलीस ठेवा’ हे उत्तर आपण दरवेळी देतो, आणि ते द्यायलाच हवे. पण गणवेशाखाली स्त्री असली म्हणजे किल्ली बदलत नाही. तिथे किल्ली कोणाच्या कमरेला आहे आणि तिला बाहेरून कोण विचारतो, एवढेच महत्त्वाचे. मंजुळाची बातमी बाहेर आली ती इतर बंदिनी ओरडत गच्चीवर चढल्या म्हणून. आणि त्यांच्यापैकी सुमारे दोनशे जणींवर दंगलीचा गुन्हा नोंदला गेला! तक्रारीची ही किंमत असेल तर तक्रारपेटी भिंतीवर टांगून काय उपयोग? तिची किल्लीही त्याच कमरेला.

अमेरिकेत २००३ साली तुरुंगातल्या बलात्काराच्या निर्मूलनाचा वेगळा कायदा झाला आणि २०१२ मध्ये त्याची मानके आली. त्या देशाचे तुरुंग काही आदर्श नाहीत; काळ्या माणसांनी ते कसे भरले आहेत हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. तरी त्यातल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. तुरुंगाबाहेरच्या माणसाकडे तक्रार पोचविण्याची वाट, आणि बाहेरच्याने ठरावीक काळाने करावयाची तपासणी. तिसरी गोष्ट म्हणजे तो कायदा पुरुष बंद्यांनाही लागू आहे. आपल्याकडे या विषयावर तोंड उघडायलाही लाज वाटते. बराकीत नव्याने आलेल्या कोवळ्या पोराचे काय होते हे तुरुंगातून परत आलेले कार्यकर्ते खासगीत सांगतात, लिहीत नाहीत. आणि नव्या न्याय संहितेत जुने ३७७ कलम वगळल्यावर प्रौढ पुरुषावरच्या बलात्काराला त्या नावाचा गुन्हाच उरलेला नाही; मारहाण, दुखापत अशा कलमांत तो कोंबावा लागतो. देशातल्या बंद्यांपैकी सुमारे पाऊण हिस्सा कच्चे कैदी आहेत, म्हणजे दोष सिद्ध न झालेले. त्यांत आपली पोरे किती आहेत हे प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी ‘अब्रू’ हा शब्दही उपलब्ध नाही. तेव्हा तो शब्द सोडून देण्याला हेही एक कारण आहे.

सूरजागडच्या शेकोटीकडे परत येतो. मी सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या आदेशाविषयी सांगत होतो : प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे, दारात, कोठडीत, ओसरीत, आणि प्रसाधनगृहाच्या बाहेर, चित्रण अठरा महिने जपून ठेवायचे. ‘सही का’ विचारणारी मुलगी तोवर गप्प होती. ती म्हणाली, “समोरच्या गेटवर असते सर, दिसते. मागं संडासाकडे असते का?” मला माहीत नव्हते. तिच्या गावाजवळच्या ठाण्याविषयी कोणालाच माहीत नव्हते. एकजण म्हणाला, वीजच नसते अर्धा वेळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला बसलो. तालुक्यातल्या ठाण्यांत किती कॅमेरे, कोठे कोठे, त्यांतले किती चालू, मागच्या बाजूला दिवा आहे काय, रात्री बोलावून आणलेल्या स्त्रियांची येण्या-जाण्याची वेळ कोणत्या वहीत लिहितात, सत्र न्यायाधीशांची शेवटची भेट केव्हा झाली. प्रश्न मुलींनीच सांगितले, मी शुद्धलेखन पाहिले. दिव्याचा प्रश्न मी गाळायला सांगत होतो, त्यांनी तो पहिला घेतला. अर्जावर तिघींनी सह्या केल्या. चौथीने पेन हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला. म्हणाली, घरी आईला विचारून येते. तिला कोणी काही बोलले नाही. तिच्यासाठी अर्जावर एक ओळ मोकळी ठेवली आहे.